मर्ल पॅस्कोचे जाडे खिळे

मर्ल पॅस्कोशी माझं तीस वर्षांत निदान पन्नासदा भांडण झालं, आणि त्यात फार तर दोनदा मी जिंकलो असेन. माझी बेकरी आणि तिचा छापखाना भिंतीला भिंत लागून. बापाच्या मागे तिने तो एकटीने चालवला. लग्न का केलं नाहीस, असं कुणी विचारलं की म्हणायची, "मला सगळं उलटं वाचायची सवय. नवऱ्याला झेपलं नसतं."

तिचा जीव होता एका लाकडी टाईपावर. बापाने इंग्लंडहून मागवलेले छपाईच्या अक्षरांचे खिळे, चार बोटं उंच. अक्षराचा उभा दांडा अंगठ्याएवढा जाड, जोडरेघ केसाइतकी बारीक, आणि टोकांना चांगले रुंद पाय. आमच्या करूल गावात शेतकी मेळा, घोड्यांच्या शर्यती, मेंढ्यांचा लिलाव, वणव्याची ताकीद, सगळं त्यातच छापलं जायचं. लग्नपत्रिकेला मात्र ती ते खिळे काढायची नाही. "लग्न आहे की लिलाव?" असं नवरीच्या आईला तोंडावर विचारायची.

आमच्याकडे माणूस गेला की दुकानांच्या काचांवर कागद लागतो. नाव, चर्च, दिवस, वेळ. लोकरीचे ट्रकवाले गाडी हळू करून तो वाचतात आणि टोपी काढतात. मर्लच्या बापाच्या काळी नावासाठी जाडे खिळे मिळायचे ते फक्त मोठ्या जमीनदारांना, बाकीच्यांची बारीक टाईपात बोळवण. बापाला पुरून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मर्लने तो नियम मोडला. मेलेल्याला एकच माप, म्हणाली.

१९६४च्या फेब्रुवारीत क्लॅरी मंट्झ गेला. क्लॅरी गावातल्या संडासांचे डबे उचलायचा. तेवीस वर्षं त्याने आमची घाण खांद्यावरून वाहिली आणि आम्ही वाऱ्याची दिशा बघून त्याच्याशी बोललो. मीही त्यातलाच, सांगताना लाज वाटते. मर्ल माझ्या काचेवर त्याचा कागद चिकटवत होती, तेवढ्यात कीथ हॅल्डेनची गाडी थांबली. त्याचा बाप आदल्या संध्याकाळी वारला होता. चाळीस हजार मेंढ्यांचा धनी माणूस.

"मिस पॅस्को, बाबांचा कागद याहून मोठ्या अक्षरात हवा," कीथ म्हणाला.

"याहून मोठं अक्षर माझ्याकडे नाही."

"मग हा उतरवा आणि बारीक छापा. एकाच काचेवर बाबा आणि हा, एका मापात? लोक काय म्हणतील?"

"दोघं मेले, असं म्हणतील," मर्ल म्हणाली.

कीथचे कान लाल झाले. मेळ्याच्या समितीचा अध्यक्ष तोच होता. "मेळ्याचं काम शहरात जाऊ शकतं, ठाऊक आहे ना?"

ठाऊक कसं नसेल? छापखान्याची निम्मी भाकरी मेळ्यावर होती. मर्लने कागदाचा कोपरा अंगठ्याने दाबून बसवला. "जाऊ दे. क्लॅरी इथेच राहील."

कीथने बापाचा कागद शहरातून छापून आणला. सडपातळ, बिनपायांची अक्षरं, नव्या फॅशनची, गुळगुळीत करड्या कागदावर. काचेला नाक लावल्याशिवाय वाचता येईना. गुरुवारी क्लॅरीला निरोप द्यायला चर्च भरलं. निम्मे लोक नुसते लाजेपोटी आले होते, पण आले. म्हाताऱ्या हॅल्डेनचं दफन शनिवारी, आणि शुक्रवारी सकाळी, क्लॅरीचा कागद सगळ्यांचा वाचून झालेला, त्या करड्या कागदासाठी एकही ट्रक हळू होईना. मला आसुरी आनंद झाला. घ्या म्हटलं, मोठेपणा.

दुपारी मर्ल आली. हात शाईने काळे, काखेत कागदांची गुंडाळी, हातात खळीचा डबा. तिने एक कागद उलगडला. जाड्या खिळ्यांत हॅल्डेन. क्लॅरीच्याच मापात, केसभर कमी नाही की जास्त नाही.

"मर्ल, डोकं ठिकाणावर आहे का? भोगू दे की त्याला."

"भांडला तो पोरगा. म्हाताऱ्याने माझं काय वाकडं केलंय? काच पुसून दे."

"तो फाडून टाकेल."

"मग दुसरा लावीन. पन्नास छापलेत."

मी काच पुसली. क्लॅरीचा कागद अजून काढला नव्हता, त्याच्या शेजारीच हॅल्डेनचा लागला आणि संध्याकाळपर्यंत ट्रक हळू व्हायला लागले. शनिवारी चर्चबाहेर गाड्यांची रांग पार पुलापर्यंत गेली.

सोमवारी मी पाव द्यायला गेलो, तर कीथ तिच्या दारात उभा. ती केरोसीनच्या फडक्याने एकेक खिळा पुसत होती.

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं," कीथ म्हणाला. आवाज मात्र खाली आला होता.

"नव्हतं."

"चारशेवर माणसं आली. मेळ्याचं काम तुम्हीच करा. फक्त एक ठरवू. पुढे आमच्या घरात कुणी गेलं, तर ते खिळे त्या आठवड्यात दुसऱ्या कुणाला नाहीत. कुणाला कळायचंही कारण नाही."

मी तिच्याकडे बघत राहिलो. हो म्हण, बाई, मी मनात म्हणत होतो. तिच्या कोटाची बाही दोनदा रफू केलेली होती, ते मला दिसत होतं.

मर्लने हातातला खिळा खणात ठेवला.

"कीथ, मेळा तू घेऊन जा," ती म्हणाली. "तू गेलास की तुझं नावही मी याच खिळ्यांत छापीन, आणि शेजारी ज्याचं असेल त्याचं असेल. तू घाई मात्र करू नकोस."