दुपारची वीज

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ वीज साठवण्याच्या कामात आहेत. दुपारची जास्तीची सौर वीज कंटेनरएवढ्या बॅटऱ्यांत भरायची आणि संध्याकाळी मागणी वाढली की ग्रिडला परत द्यायची, असं ते काम. त्याचा ताप मात्र कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीला. "अहो, वॉशिंग मशीन आत्ता संध्याकाळी कशाला? दुपारची वीज चावते का?" असं ते लिफ्टमध्येही विचारतात. स्वतः दिवेलागणीनंतर एकच बारका दिवा लावून बसतात. सोसायटीत सगळे त्यांना कंजूष म्हणतात.

मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी ट्रान्सफॉर्मर जळाला. आमचे बाबा तेव्हा ऑक्सिजनच्या मशीनवर होते आणि आमच्याकडे इन्व्हर्टर नव्हता. सिलिंडरसाठी मी फोनवर फोन करत होतो, तेवढ्यात हे गृहस्थ आपल्या इन्व्हर्टरवरून लांबलचक वायर ओढत आत आले. मशीन सुरू झालं. बाबांचा श्वास सुरळीत झाल्यावर माझं लक्ष समोरच्या फ्लॅटच्या उघड्या दाराकडे गेलं. आत मिट्ट काळोख होता. बॅटरी पुरावी म्हणून त्यांनी घरातले दिवे, पंखे सगळे बंद केले होते. आणि नेमके त्याच संध्याकाळी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते.

"अहो, पाहुणे बसलेत ना तुमच्याकडे?" मी ओशाळून विचारलं.

"बसलेत की. पोहे अंधारातही खाता येतात," ते म्हणाले आणि वायरीत कोणाचा पाय अडकू नये म्हणून दारातच उभे राहिले. वीज येईपर्यंत हलले नाहीत.

बाबा आता बरे आहेत. कपडे आम्ही दुपारी धुतो.