भिंतीवरची नोटीस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी छाती होत नाही.

दर सप्टेंबरात, साक्षरता दिनाला, आमच्या अंगणवाडीत मला बोलायला उभं करतात. जगात कुठेही जा, मी सांगते, मोठ्या वयात वाचायला शिकलेलं माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसत नाही — औषधाची चिठ्ठी असो, धोक्याची पाटी असो, आपलं आपण वाचतं. छान बोलते मी. माझी मोठी जाऊ कौसल्याबाई पुढे बसून टाळ्या वाजवतात. मग हजेरीच्या कागदावर अंगठा लावून घरी जातात.

त्यांना आम्ही नुसतं बाई म्हणतो. चंद्रपूरकडच्या या जंगलकाठच्या गावात मी लग्न होऊन आले, तेव्हा बाईंनी सगळं घर आधीच जिंकलेलं होतं. धानाच्या रोवणीत मी कायम त्यांच्या मागे. सासऱ्यांना भाजी त्यांच्याच हातची लागायची. माझी रडणारी लेक त्यांच्याच खांद्यावर झोपायची. माझ्याकडे काय होतं? दहावी. गावच्या बायका कागद घेऊन माझ्या ओसरीवर यायच्या. बाईसुद्धा समोर उकिडव्या बसून विचारायच्या, "सुनंदा, का लिवलं हाय वं?" तेवढ्यापुरती मी मोठी जाऊ असायची.

मग अंगणवाडीत दुपारचा साक्षरता वर्ग निघाला. शिकवायला मीच. वाटलं होतं, बाई चार दिवसांत कंटाळतील. त्या चुलीपुढच्या राखेत अक्षरं गिरवू लागल्या. एक दिवस त्यांनी माझ्या लेकीला पुस्तकातली गोष्ट वाचून दाखवली — अडखळत, ओळीखाली बोट फिरवत — आणि लेक म्हणाली, "मोठीआई, आनखी एक." माझ्याकडे तिनं कधी दुसरी गोष्ट मागितली नव्हती.

सरळच सांगते — मी जळले. शिकवायचंही मीच आणि बाई शिकल्या म्हणून पोटात दुखायचंही माझ्याच?

जंगलात मोहफुलं वेचायचे दिवस होते. सकाळी टोपल्या घेऊन बायका समाजमंदिरापाशी जमल्या. भिंतीवर जंगलखात्याच्या गार्डनं नवी नोटीस लावली होती. मी जरा मागून पोचले. बाई भिंतीला नाक लावून वाचत होत्या आणि सगळ्याजणी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मी आलेलं कुणी पाहिलंही नाही.

"तलावाकडे वाघ हाय म्हंते," बाई म्हणाल्या. "आठ रोज जाऊ नोका म्हंते." मग मला पाहून हसल्या. "पाह्य वं सुनंदा, बरोबर हाय ना?"

मी वाचलं. बरोबर होतं. एकही अक्षर चुकलं नव्हतं. आणि मी म्हणाले, "नाई बाई, तुमी चुकल्या. पहाडीकडे वाघ हाय म्हंते. तलावाकडे काई नाई."

बाईंनी पुन्हा भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भिंतीपेक्षा त्यांना मी खरी वाटले. मास्तरीण होते ना त्यांची! एकजण हसली, "बाई, आज रिकाम्या टोपल्यानं घरी धाडलं असतं आमाले." आणि आम्ही सगळ्याजणी तलावाकडे निघालो. मीही. पाचोळा वाजला की मी मागे वळून बघायचे आणि पुन्हा फुलं वेचायला लागायचे. एकीचं वाचन खोटं पडावं म्हणून मी दहाजणींचा जीव पणाला लावला. त्यात बाईही होत्या.

वाघ आला नाही. टोपल्या भरून आम्ही धडधाकट परतलो — आणि म्हणूनच बाई गावात कायमच्या खोट्या ठरल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वर्ग सोडला. "माह्या वाचन्यापाई एखांद्या दिवशी कोनाचा जीव जाईन," म्हणाल्या. मी समजूत घालण्याचं नाटक केलं. आतून बरं वाटलं. हो, बरं वाटलं — तेही लपवत नाही.

त्याला बरीच वर्षं झाली. परवा बाई डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन माझ्या ओसरीवर आल्या. मी आत हात पुसत होते. दारातून दिसलं — त्यांचं बोट ओळीखाली सरकत होतं, ओठ हलत होते. शेवटच्या शब्दापर्यंत गेल्या. इतकी वर्षं त्या विसरल्याच नव्हत्या.

मी बाहेर आले तसं त्यांनी बोट उचललं आणि चिठ्ठी माझ्यापुढे धरली.

"तूच सांग वं," म्हणाल्या. "मले नाई समजत."

मी चिठ्ठी घेतली आणि वाचून दाखवली.