‘सतर्क’ म्हणजे मोटार काढा

नांदेडला वृत्तपत्राच्या डेस्कवर काम केलेल्या माणसाला दुसऱ्याचे वाक्य कापायची सवय असते. त्या सवयीमुळेच लातूर जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयातून मला बोलावणे आले. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडण्याआधी नदीकाठच्या गावांतले सगळे मोबाइल एकदम मोठ्याने वाजतात आणि पडद्यावर इशारा येतो. त्या इशाऱ्याचा मजकूर सुधारायचा होता.

हे काम एका नायब तहसीलदार बाईंनी स्वतः मागून घेतले होते. त्या मूळच्या उमरीकडच्या. शाळेत असल्यापासून वस्तीतल्या जयंतीला भाषण करत. भोंग्याखाली उभ्या असलेल्या शेवटच्या माणसाला जे कळले नाही ते बोललेच नाही असे समजायचे, हा त्यांचा तिथला धडा. कार्यालयातही त्या प्रत्येक मजकूर मोठ्याने वाचत, आणि शेजारच्या टेबलावरच्या कोणी मान वर केली नाही तर तो बाजूला टाकत.

जुना मजकूर असा होता: ‘प्रकल्पाच्या सांडव्याद्वारे नदीपात्रात विसर्ग करण्यात येणार असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ मी ‘विसर्ग’ काढून ‘पाणी’ लिहिले, ‘सांडव्याद्वारे’ उडवले. वाक्य निम्मे झाले. बाई म्हणाल्या, छान झाले, आता हे घेऊन निलंग्याच्या बाजूला जाऊ.

तेरणेकाठच्या एका गावात आम्ही एका शेतकऱ्याच्या ओसरीवर बसलो. आदल्या वर्षी तो पाण्यात वाहून जाता जाता वाचला होता. इशारा मिळाला नव्हता का, असे बाईंनी विचारले. उत्तर त्याच्या बायकोने दिले.

“मेसेज आला म्हणून तर गेले मालक. आला नसता तर घरीच बसले असते.”

शेतकऱ्याला यात काही वावगे वाटत नव्हते. नदीत त्याची पाण्याची मोटार होती. पाणी येणार म्हटल्यावर माणूस मोटारच काढणार. “सतर्क म्हन्जे दुसरं काय?” त्याने विचारले. शेजारी हसले. एक जण म्हणाला, सरकार मेसेज पाठवून सगळ्या गावाला नदीवर बोलावतंय. थट्टा होती, पण खरे होते. इशारा वाजला की काठावरच्या प्रत्येक घरातून दोरखंड घेऊन माणसे खाली उतरत. पाइप सोडायचा, वायर गुंडाळायची, चार जणांनी मोटार ओढायची. तेवढ्यात पाणी पोचे.

यंदाही मोटार नदीतच होती. पावसाने दडी मारली होती आणि ऊस वाळत होता. बायकोने बाईंना एकच सांगितले. “नदीला जाऊ नका, असं लिव्हा. माझं ऐकत न्हाईत. फोनचं ऐकतील.”

परतीच्या वाटेवर बाई म्हणाल्या की नुसते ‘जाऊ नका’ लिहिले तर कोणी मानणार नाही. मोटार काढायला वेळ दिला, तरच वेळ संपल्याचे सांगता येईल. म्हणजे इशारा सकाळीच जायला हवा आणि त्यात ठराविक तास हवा. त्यासाठी बाई धरणावरच्या अभियंत्यांना भेटल्या. पाणी सोडायची वेळ मागेपुढे होते, पोचण्याची त्याहून जास्त, हे अभियंत्यांचे म्हणणे बरोबरच होते. बाईंनी लवकरात लवकर पाणी कधी पोचेल तेवढेच मागितले. पाणी उशिरा आले तर लोक ओरडतील, असे अभियंत्यांनी बजावले.

“उशिरा आलं तर मला शिव्या देतील. साहेब, शिव्या चालतील,” बाई म्हणाल्या. अभियंत्यांनी मान्य केले.

मग आम्ही लिहायला बसलो. पहिला शब्द ‘नदी’च हवा, असा त्यांचा आग्रह. कारण त्र्याण्णवचा भूकंप पाहिलेली इकडची जुनी माणसे फोन अचानक किंचाळला की भूकंप समजून घराबाहेर धावतात. अखेरचा मजकूर असा ठरला: ‘नदीला मोठे पाणी येत आहे. मोटार आत्ताच काढा. बारा वाजल्यावर नदीत थांबू नका. मोटार राहिली तर राहू द्या. तहसीलदार.’

‘मोटार राहिली तर राहू द्या’ हे वाक्य मी कापले होते. आधीच्या वाक्यात ते आलेच आहे, असे माझे मत. बाईंनी ते परत घातले. हे वाक्य घरात बायकोला बोलावे लागते आणि तिचे कोणी ऐकत नाही, म्हणून ते सरकारने बोलावे, असे त्या म्हणाल्या. मी ते राहू दिले.

भाद्रपदात वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला. इशारा जायचा त्या सकाळी बाईंनी मला त्या गावात पाठवले. फोन वाजले. एक म्हातारा चप्पल न घालता अंगणात आला, नातीने ‘नदी’ म्हणताच आत गेला. काठावर माणसे उतरली. बहुतेकांच्या मोटारी निघाल्या. त्या शेतकऱ्याची गाळात रुतली होती. बारा वाजत आले तरी तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून दोर ओढत होता. बायको काठावर फोन धरून उभी होती.

“राहिली तर राहू द्या, लिव्हलंय,” ती म्हणाली. “मी न्हाई म्हणत, तहसीलदार म्हणालेत.”

दोर धरणाऱ्या त्याच्या भावांनी ते ऐकले आणि दोर सोडून वर आले. एकट्याने ओढणे शक्य नव्हते. तोही आला.

बारानंतर बराच वेळ पाणी आले नाही. काठावर बाईंचा उद्धार सुरू झाला. एवढ्या वेळात दोन मोटारी निघाल्या असत्या, असे हिशेब झाले. मग पलीकडच्या वळणावर नदीचा रंग बदलला आणि बोलणे थांबले. तो उभा होता ती जागा पाहता पाहता दिसेनाशी झाली.

दुपारी बाईंचा माझ्या फोनवर फोन आला. त्यांना त्याच्याशीच बोलायचे होते. स्पीकर चालू होता.

“मॅडम, तुमच्यापायी माझी मोटार गेली,” तो म्हणाला.

“दादा, मोटार गेली, पण तुम्ही तर बोलून राहिलात ना?”

तो “हाव” म्हणाला आणि फोन बायकोच्या हातात दिला.