टीव्हीमागची डबी

माझ्या धाकट्या भावाचा असा समज आहे, की म्हाताऱ्या बापाला जे काही लागतं ते सगळं कुरिअरनं पाठवता येतं. आधी रक्तदाब मोजायचं यंत्र आलं. मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, माझा निम्मा जन्म लोकांच्या दंडाला पट्टा गुंडाळण्यात गेला, पण ते यंत्र कसं लावायचं हे त्यानं मला पुण्याहून फोनवर समजावून सांगितलं. मग पाय दाबायचं यंत्र आलं. अप्पांनी त्यात एकदा पाय घातले, लगेच काढले आणि यंत्र परत खोक्यात भरून ठेवलं. ते खोकं अजून माळ्यावर आहे.

डबी मात्र तो स्वतः घेऊन आला. ती बसवायला म्हणे तोच लागत होता.

मुरूम गावातल्या आमच्या घरात अप्पा आणि मी, दोघंच. अप्पा हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी कर्नाटकाच्या कडेच्या गावांत झाल्यामुळं त्यांना कानडी चांगलं येतं. सकाळी मराठी बातम्या, दुपारी कानडी बातम्या आणि संध्याकाळी कुस्त्या, हा त्यांचा दिवस. आमचा टीव्ही साधा होता, खाली टेबलावर, आणि गच्चीवरच्या डिशच्या छत्रीवर अप्पांना हवं ते सगळं दिसत होतं. कुणाची काही तक्रार नव्हती. तक्रार भावाची होती. पुण्यात त्याच्या मित्रांच्या घरी कुणाकडंच छत्री उरली नव्हती.

तो बायकोमुलांना घेऊन आला आणि पाय धुवायच्या आधी भिंत ठोकून बघायला लागला. नवा मोठा टीव्ही त्यानं भिंतीवर टांगला, तोही इतका वर की खालून बघणाऱ्याची मान बसस्टँडवरची पाटी वाचल्यासारखी वर जावी. मी म्हटलं, थोडा खाली घे. तर म्हणाला, अक्का, आता असाच लावतात. टीव्हीच्या पाठीमागं त्यानं एक काळी डबी स्क्रूनं आवळून बसवली. आमच्या चटणीच्या डब्याएवढी असेल. हा पूर्ण कॉम्प्युटर आहे, ह्यात जगातलं सगळं दिसतं, असं त्यानं अप्पांना सांगितलं. अप्पांनी विचारलं, कानडी बातम्या दिसतील का. तो हसला. जगातलं सगळं म्हटल्यावर हे काय विचारताय, असं ते हसणं होतं.

छत्री काढून त्यानं गच्चीच्या कोपऱ्यात उलटी टाकली, अप्पांच्या हातात एक छोटा कीबोर्ड दिला, कुठलं बटण कशाला ते एकदा भराभरा सांगितलं आणि गाडीत बसून गेला.

पहिल्याच सकाळी अप्पांनी मला हाक मारली. बातम्या लागल्या होत्या, पण चित्र चारी बाजूंनी कापलेलं. खालची पळती पट्टी दिसतच नव्हती. अप्पांना कमी ऐकू येतं; ते बातम्या ऐकत नाहीत, ती पट्टी वाचतात. भावाला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अप्पांच्या चष्म्याचा नंबर वाढलाय का बघ."

मी चष्मा नाही, टीव्हीच बघितला. टीव्हीच्याच रिमोटमध्ये चित्राच्या आकाराचा एक कप्पा होता, तो उघडून एकेक आकार लावत गेले. एका आकाराला पट्टी खालून वर आली. भावाला सांगितलं, तर म्हणाला, हां, तेच सांगणार होतो.

मग आवाज जायला लागला. चित्र चालू, बोलणारा माणूस तोंड हलवतोय आणि आवाज नाही. कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या घरात ही फार वाईट गोष्ट, कारण अप्पांना वाटलं कानच पुरता गेला. दोन्ही कानांत बोटं घालून ते बराच वेळ बसले होते. मला बोलले नाहीत. मी दवाखान्यातून आल्यावर दारातूनच कळलं, की घरात आवाजच नाही. आमच्याकडं लाईट क्षणभर जाते आणि येते, त्यात टीव्ही बंद होऊन परत लागायचा, डबी मात्र तेवढ्यानं बंद पडायची नाही. टीव्ही दिसला नाही, की डबी आवाज दुसरीकडंच कुठंतरी पाठवून मोकळी. कोपऱ्यातल्या भोंग्याच्या चिन्हावर जाऊन टीव्हीचं नाव पुन्हा निवडलं, की आवाज परत. हे मला कुणी सांगितलं नाही. पेशंटला कधीपासून, कशानंतर, असं विचारत जावं तसं मी बघत गेले. भाऊ म्हणाला, ड्रायव्हर अपडेट करतो.

त्यानं अपडेट कसं केलं, ते सांगण्यासारखं आहे. डबीत त्यानं असं काही घालून ठेवलं होतं, की पुण्यात बसून आमचा टीव्ही त्याला चालवता येत होता. त्यानं हे आम्हाला सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी अप्पा कुस्ती बघत होते. पैलवानानं पट काढला, आणि ऐन तेव्हा पडद्यावरचा बाण आपला आपण चालायला लागला. कीबोर्ड अप्पांच्या मांडीवर, हात बाजूला. बाण कुस्तीवरून चालत कोपऱ्यात गेला, कुस्ती मिटली, आणि काहीतरी इंग्रजी भरत चाललेलं दिसायला लागलं.

अप्पा जन्मभर पोरांना भूतबीत नसतं म्हणून शिकवत आले. ते शांतपणे म्हणाले, "ह्यो तुझा भाऊ दिसतोय."

मी फोन लावला. तो म्हणाला, हो, मीच आहे, पाचच मिनिटं. त्याच्या पाच मिनिटांत डबी बंद झाली, परत चालू झाली, परत बंद झाली, आणि कुस्ती संपून गेली. मी म्हटलं, आधी विचारायचं तरी. तो म्हणाला, त्यात काय विचारायचं, तुम्हाला काहीच करायचं नव्हतं.

त्यानंतर बाण वरचेवर यायला लागला. भावाला ऑफिसात मोकळा वेळ मिळाला की यायचा. कधी पडद्यावरची चित्रं सारखी करायचा, कधी अप्पांनी काय काय बघितलं ते चाळायचा. मग फोनवर मला सांगणं, की अप्पा दिवसभर कुस्त्याच बघतात, काहीतरी चांगलं लावून देत जा. फोन मला. अप्पांशी बोलायचं तर मोठ्यानं बोलावं लागतं, आणि त्याच्या ऑफिसात मोठ्यानं बोलत नाहीत.

अप्पा मात्र बाण आला की कीबोर्ड बाजूला ठेवायचे आणि सरळ बसायचे. एकदा मी भाकरी करताना आतून ऐकलं, अप्पा कुणाला तरी विचारत होते, "जेवलास का?" बाहेर येऊन बघितलं तर खोलीत कुणीच नाही. पडद्यावर बाण इकडून तिकडं फिरत होता. मी आत गेले, तोवर भाकरी करपली होती.

खरी गोष्ट त्या उन्हाळ्यात झाली. लाईट जास्त वेळ गेली की डबी मरायची, आणि लाईट आली तरी आपोआप उठायची नाही. तिचं बटण टीव्हीच्या मागं, टीव्ही छताला लागलेला. मी घरी असले की स्टूलावर चढून हात मागं घालून बटण दाबायची. नसले की अप्पांनी थांबायचं, असं ठरलं होतं. ठरवणारी मी होते. थांबायचं त्यांना होतं.

त्या दुपारी मी ड्युटीवर होते. बाहेर केसपेपरच्या रांगेकडं सहज बघितलं, तर रांगेत अप्पा उभे. एका हाताचं मनगट दुसऱ्या हातानं धरलेलं, त्याला टॉवेल गुंडाळलेला. शेजारचा रिक्षावाला बरोबर होता. तो म्हणाला, मी म्हटलं गुरुजी थेट अक्काकडं जाऊ, तर म्हणाले रांगेनं जायचं. मी टॉवेल सोडला आणि मनगटाचा आकार बघूनच कळलं, हाड मोडलंय. एक्सरे नंतरचा. विचारलं, काय करत होता. अप्पा म्हणाले, "टीव्ही लावत होतो."

ते प्लास्टिकच्या खुर्चीवर चढले होते. खुर्चीचा पाय फाकला.

हाताला प्लास्टर घालून त्यांना घरी आणलं आणि भावाला फोन केला. त्याला वाईट वाटलं, हे मी मान्य करते. त्याचा आवाज खाली आला होता. पण मग तो म्हणाला, "लाईट आल्यावर आपोआप चालू व्हायची सोय असते त्यात. एक सेटिंग आहे. ती करायची राहिली."

"मग कर आता."

"ते इथून होत नाही अक्का. विंडोज उघडायच्या आधी करावं लागतं. समोर माणूस लागतो."

कुस्ती बंद करणं पुण्याहून होतं, अप्पांनी काय बघितलं हे मोजणं होतं. बापाचा हात वाचवणारं तेवढं एक होत नव्हतं. त्याला समोर माणूस लागत होता.

मी म्हटलं, मग ये. तो म्हणाला, कामाचं फार आहे, पुढच्या महिन्यात बघतो, तोवर लाईट गेली तरी डबी चालू ठेवणारी एक बॅटरी पाठवतो कुरिअरनं.

मी डबी स्क्रू काढून खाली घेतली. हाताला चटका बसला. तिची हवेची भोकं भिंतीला चिकटून होती आणि त्यांत धूळ दाटली होती; मध्ये मध्ये चित्र का अडखळायचं ते तिथंच समजलं. आधी ती बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याकडं नेली. त्यानं हातात घेतली, उलटी केली, झाकणही न उघडता म्हणाला, "विंडो मारावी लागंल." म्हणजे विंडोज पुसून नव्यानं टाकायचं. मी म्हटलं, आत काही बिघडलेलं नाही, एक सेटिंग बदलायची आहे. तो म्हणाला, तरीबी एकदा विंडो मारून घ्या, ताजं व्हतंय. आमच्याकडं एक डॉक्टर होते, काहीही दुखो, सलाईन लावायचे. त्यांची आठवण आली. डबी पिशवीत घालून घरी आणली.

धूळ ब्रशनं काढली. जुनं टेबल पुन्हा भिंतीशी लावलं आणि डबी त्यावर मोकळ्या हवेत ठेवली. दुकानातून लांब वायर आणली होती, ती टीव्हीला जोडली. मग डबीच्या बुडावरचं नाव मोबाईलवर टाकून शोधलं. चालू करताना लगेच डिलीटचं बटण दाबत राहायचं, म्हणजे तिची आतली पानं उघडतात, असं तिथं होतं. पहिल्यांदा मला उशीर झाला आणि नेहमीचं विंडोज उघडलं. दुसऱ्यांदा बटण सोडलंच नाही. करड्या रंगाचं एक पान उघडलं, सगळं बारीक इंग्रजी.

अप्पा प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन पुढं सरकले. हेडमास्तरांनी हजेरी घ्यावी तसे ते एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लागले आणि मी बाणाच्या बटणांनी खाली उतरत गेले. वाचता वाचता ते थांबले. "ही बघ. पॉवर लॉस. लाईट गेल्यावर काय करायचं, ते विचारतंय." पुढं लिहिलं होतं, बंद राहा. मी ते बदलून चालू हो केलं, सेव्ह केलं आणि त्या पानातून बाहेर आले.

मग मीटरजवळ जाऊन मेन स्विच पाडला. पंखा थांबला. अप्पा आतून म्हणाले, जरा थांब, घाई करू नको. थोडं थांबून स्विच वर केला. पंखा फिरला, आणि टेबलावर डबीचा निळा दिवा कुणीही हात न लावता लागला. अप्पांनी त्या दिव्याकडं बघून मान हलवली. शाबासकी ते अशीच देतात.

डबीला हात घातलाच होता, म्हणून भावानं घातलेला तो पुण्याहून चालवायचा प्रोग्रामही मी काढून टाकला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "अक्का, कनेक्ट होईना."

"मी काढलंय ते."

"मग मला अप्पांकडं यायचं कसं?"

"घराला दार आहे," मी म्हटलं. "त्यातनं ये."

त्यानं फोन ठेवला. अप्पांना मी सांगितलं नव्हतं. काही दिवसांनी जेवताना त्यांनी विचारलं, बाण येईना झालाय का. मी म्हटलं, मीच बंद केला. त्यांनी उजव्या हातानं भाकरी मोडली, कालवणात बुडवली. मग म्हणाले, "बरं केलंस. मी बोलायचो, पण त्याला काय ऐकू जात नव्हतं."

प्लास्टर काढायच्या सुमाराला भाऊ आला. दारातून आत आल्यावर त्याची नजर आधी टीव्हीच्या मागं गेली, डबी कुठंय म्हणून, आणि मग अप्पांच्या हातावर. मी हे मुद्दाम बघत होते. टेबलावर ठेवलेली डबी त्यानं उचलून बघितली, चांगलं केलंस म्हणाला आणि तीच जागा बरोबर कशी हे मला समजावून सांगितलं. मी चहा ठेवायला गेले. मी बाहेर आले तेव्हा अप्पांनी त्याला शेजारी बसवून कुस्ती लावली होती आणि कुठल्या पैलवानाचा कुठला डाव हे त्याला मोठ्यानं सांगत होते. तो मान डोलवत होता. अधेमधे मोबाईलही बघत होता, पण संपेपर्यंत उठला नाही.

निघताना त्यानं टीव्हीसमोर अप्पांचा फोटो काढला, प्लास्टरसकट. संध्याकाळी तो नातेवाइकांच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, आमचे अप्पा स्मार्ट झाले. पुण्याच्या काकूंनी लिहिलं, बापासाठी इतकं करणारा मुलगा आजकाल मिळत नाही. चुलत भावांनी अंगठे उठवले, कुणी हात जोडले, एका आत्याबाईंनी गुलाबाची फुलं पाठवली. हाताला काय झालं, हे एकानंही विचारलं नाही. मी सगळं वाचलं आणि मोबाईल बाजूला ठेवला. अप्पांचं मनगट अजून पूर्ण वळत नाही, त्याला रोज तेल लावून व्यायाम द्यावा लागतो. ते पुण्याहून होत नाही.