निबंधातली ती निरक्षर मुलगी

"ही शाळेची पायरीही चढली नव्हती, तेव्हा मी हिला हा चौरस दाखवला," सर माइकवर म्हणाले. पार्ल्यातलं ते सभागृह कौतुकाने हसलं.

मी स्टेजवर, प्रयोग करून दाखवायला बोलावलेली, फळ्यापाशी. हातात खडू. एम.ए. झालेली, पीएच.डी.साठी याच सरांकडे अर्ज केलेली. समोर माझी आई बसली होती. आरेतल्या गोठ्यात शेण काढून तिने मला शिकवलं.

सरांच्या पंच्याहत्तरीचा सत्कार होता. ग्रीक तत्त्वज्ञानावरचे त्यांचे ग्रंथ टेबलावर मांडलेले. खोटं बोलणार नाही, माणूस मोठा. मुंबईतल्या कितीतरी कॉलेजांत त्यांचेच विद्यार्थी शिकवतात. मीही त्यांचं पुस्तक वाचूनच या विषयात पडले.

पण परदेशात त्यांचं नाव झालं ते एका निबंधामुळे. एका जुन्या ग्रीक संवादात तत्त्वज्ञ एका गुलामाला बोलावतो, नुसते प्रश्न विचारतो आणि त्याच्याकडून भूमितीचं कोडं सोडवून घेतो. म्हणजे ज्ञान प्रत्येकाच्या आत असतंच. सरांनी हाच प्रयोग आरेच्या पाड्यातल्या एका निरक्षर मुलीवर केला. तो निबंध आम्हाला एम.ए.ला होता. मी त्यावर परीक्षेत उत्तरही लिहिलं.

ती मुलगी मी होते. हे मला त्या स्टेजवर कळलं.

निरक्षर? मी तेव्हा एफ.वाय.ला होते. रविवारी सरांच्या घरी वाचन चालायचं. संवाद नाटकासारखे वाटून घेऊन वाचायचे, ही तिथली पद्धत. गुलामाची भूमिका कायम माझ्याकडे. "तुझ्या तोंडी शोभतो गं," माझ्या वर्गातली मुग्धा म्हणायची. गुलामाने आधी चुकायचं असतं. चौरस दुप्पट करायचा तर बाजू दुप्पट करा, असं म्हणायचं. मग सर उजेड पाडणार. खरं उत्तर मला शाळेतच शिकवलं होतं. तरी मी मन लावून चुकायचे.

"बोल बाळ," सर म्हणाले. "दुप्पट चौरस हवाय. बाजू किती घेशील?"

सगळे माझ्या चुकीची वाट बघत होते.

तेवढ्यात आई उठली. "ओ सर, शाळेत नव्हती असं का सांगता? रोज बसने जायची माझी पोर."

"ताई, खाली बसा," मागून कुणीतरी म्हणालं.

सर हसले. "अहो, विषय सोपा करून सांगायची ही एक पद्धत असते."

सोपा. माझी शाळा, आईचं मोडलेलं कंबरडं, सगळं पुसून सोपा.

मी फळ्यावरच्या चौरसाचा कर्ण काढला. त्यावर चौरस काढला. "हे मला शाळेत शिकवलंय," मी म्हणाले. "आता माझा प्रश्न. त्या गुलामाचं पुढे काय झालं, सर?"

"पुढे? पुढे संवाद चालू राहतो."

"त्याला सोडलं का?"

"तो त्या संवादाचा मुद्दाच नाही."

"माझा तोच मुद्दा आहे."

खडू ठेवला. खाली उतरले. आईचा हात धरून बाहेर आले. मागोमाग मुग्धा.

"वाट लावलीस यार स्वतःची. गाईड कोण होणार आता तुझा? माफी माग ना. सर विसरतील."

"विसरू नयेत म्हणूनच बोलले."

आई म्हणाली, "चल, बस जाईल."

अर्ज परत आला. सरांकडे जागा नाही. दुसऱ्या दोघा गाईडांनी फोनच उचलला नाही. दोघंही सरांचे विद्यार्थी. सरांचं वजन किती, ते मला ग्रंथांच्या ढिगावरून नाही, त्या न उचललेल्या फोनांवरून कळलं.

झोप लागत नाही. आमच्या पाड्याच्या जमिनीच्या लढ्यासाठी पत्रकं लिहून माझा हात तयार झालाय. आता त्या निबंधाला उत्तर लिहितेय. माझं नाव, माझी शाळा, माझं कॉलेज, सगळं घालून. मूळ संवाद समोर ठेवून, ओळीला ओळ लावून. ग्रीक कुणाच्या बापाची इस्टेट नाही. जिथे जिथे तो निबंध शिकवतात, त्या प्रत्येक कॉलेजच्या गेटवर मी हे उत्तर वाटणार. गाईड मिळो न मिळो. सरांना वाचायचं नसेल तर त्यांनी वाचू नये. त्यांच्या विद्यार्थ्यांना मी वाचायला लावणार.