घड्याळ उजव्या हाताला

हसायचं असेल तर हातातला कप आधी खाली ठेवा. नंतर ठसका लागला तर मी जबाबदार नाही. माझी फजिती मीच सांगते, कारण दुसऱ्या कोणी सांगितली तर तो तिखटमीठ लावणार, आणि मीठ मला डॉक्टरांनी बंद केलंय.

मी फुलवाली. पंचवटीत फुलबाजारात चाळीस वर्षं माझा गाळा आहे. शाळेचं तोंड पाहिलं नाही. फुलं बांधायला रद्दी यायची, त्या रद्दीवर एकेक अक्षर जुळवत वाचायला शिकले. निम्म्या बातम्यांचा शेवट मला अजून माहीत नाही, कारण कागद तिथेच फाटलेला असायचा. पण जेवढं वाचलं तेवढं पक्कं!

चार वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले, "आजी, किडन्या कमी काम करायला लागल्यात." लोक अशा वेळी रडतात. मी रिपोर्ट मागून घेतला आणि ओळ न ओळ वाचून काढली. क्रिएटिनीन म्हणजे काय, हे आज आमच्या गल्लीत कोणालाही विचारा. सांगेल. न सांगून जातो कुठे?

डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, खाटेला चिकटायचं नाही. या आजारात अंगातली ताकद झिजते, म्हणून रोज चालायचं. दुसरी, डावा हात जपायचा. पुढेमागे डायलिसिस लागलंच तर त्या हाताच्या शिरा चांगल्या हव्यात, तेव्हा त्या हाताला सुई टोचू द्यायची नाही. मी तर डाव्या हातातल्या चार बांगड्याही उतरवल्या. हा डावा हात लक्षात ठेवा हं. सगळं रामायण तिथूनच सुरू होतं.

तर गणपतीच्या आधी रिपोर्टमधला क्रिएटिनीनचा आकडा जरा वर सरकला आणि माझा मुलगा सुरेश बिथरला.

"आई, आता बास. गाळा मी बघतो. तू घरी आराम कर."

"आराम? डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस का? हालचाल करा म्हणाले!"

"अगं, मी तुला स्कुटीवरून नेतो, स्कुटीवरून आणतो. तिथे तू दिवसभर बसून असतेस. यात हालचाल कुठली?"

बसून? मला? पहाटे चारला उठणाऱ्या बाईला? माझं डोकंच सणकलं. गाळा गेला तर माझं राहिलं काय? घरात बसून सुनेच्या भाजीत खोड्या काढू? सून रोहिणी गुणाची आहे, पण तिलाही ते नको होतं. तिचा चेहराच सांगत होता.

नेमकं त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडमनी आम्हा काही रुग्णांना मनगटावर बांधायची घड्याळं दिली. रोज किती पावलं चाललो ते मोजणारी. पाच हजार झाली की घड्याळ वाजतं आणि त्यात फटाके उडतात. मी सुरेशला म्हटलं, "आता हे घड्याळच सांगेल तुझी आई बसते की चालते!"

मॅडम म्हणाल्या, "आजी, डाव्या हाताला बांधा."

"डावा हात जपायचाय, पोरी. तुमच्याच डॉक्टरांचा हुकूम आहे."

"बरं, मग उजव्या हाताला."

झालं! बांधलं उजव्या हाताला.

पहिल्या दिवशी दुपारीच फटाके. संध्याकाळी आकडा नऊ हजार! मला आश्चर्य वाटलं का? अजिबात नाही. मला वाटलं, चला, चाळीस वर्षांनी कोणीतरी आपल्या कष्टाची नीट मोजदाद केली. गणपतीत बारा हजार. आणि दसऱ्याला? झेंडूचे हार करता करता उसंत नव्हती. तेवीस हजार!

आकडे मॅडमच्या मोबाईलवरही दिसायचे. त्यांचा घाबरून फोन. "आजी, जास्त नाही ना होत? दम लागतो का?"

"दम लागायला वेळ कोणाला आहे?"

"पाय दुखतात?"

"पायांना काय झालंय! मनगट तेवढं भरून येतं."

"अच्छा, म्हणजे हात जोरात हलवत चालता. छान! तसंच चालू ठेवा."

बघा! शिकलेल्या बाईने शाबासकी दिल्यावर मी कोणाला आवरते? दवाखान्यात बाकड्यावर बसले की शेजारच्या प्रत्येकाचं मनगट ओढून आकडा बघायचा आणि झापायचं. चांदवडच्या कमळाबाई, कांद्याच्या वावरात राबणारी बाई, तिचा आकडा चार हजार.

"चारच? माझ्याहून दहा वर्षांनी लहान तुम्ही. लाज नाही वाटत?"

"लय दमते ओ मी," ती बिचारी म्हणाली. "जमंल तेवढं चालते."

"दमणं मनात असतं, कमळाबाई!" हे वाक्य मी स्वतः तयार केलं होतं आणि मला फार आवडायचं.

दिवाळीनंतर दवाखान्याने रुग्णांचा मेळावा ठेवला. मॅडमनी मला भाषणाला बोलावलं. भाषणानंतर आम्ही घड्याळवाल्यांनी सगळ्यांसमोर सहा मिनिटं चालून दाखवायचं होतं. सुरेश म्हणाला, "आई, तिथे नीट चालून दाखव. पुन्हा गाळ्याचं नाव काढणार नाही. पण नाही जमलं तर घरी बसायचं. कबूल?"

"कबूल! वर पेढे आणून ठेव."

मेळाव्याचे हार माझ्याकडेच होते. सकाळी घरीच ओवायला बसले, पण दोन राहिले. म्हटलं, पिशवीत टाकू, तिथे होतील. जरीची साडी नेसले आणि स्कुटीवर मागे बसून हॉलवर गेले.

भाषण काय ठोकलं म्हणून सांगू! "किडनी बिघडली म्हणून मान टाकू नका! माझ्याकडे बघा! तेवीस हजार!" टाळ्या थांबेनात. मग मी स्टेजवरच्या खुर्चीत बसले आणि मॅडम माईकवर बोलायला उठल्या. आता माझे हात रिकामे राहतात होय? पिशवीतून सुई-दोरा काढला, मांडीवर झेंडू घेतला आणि राहिलेला हार ओवायला लागले.

मॅडम सांगत होत्या, "आजींचा आदर्श आपण सगळ्यांनी..."

आणि माझं घड्याळ वाजलं. टुंग टुंग टुंग! फटाके! पाच हजार!

पहिल्या रांगेतून कमळाबाई ओरडली, "आवं, तुम्ही तर खुर्चीत बसल्या हाय! चाललं कोण?"

मॅडम बोलायच्या थांबल्या. जवळ आल्या. माझ्या हाताकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "आजी, जरा हात थांबवा बरं."

थांबवला. आकडा थांबला.

"आता ओवा."

सुई आत घातली, दोरा ओढला, एक पाऊल. पुन्हा सुई, पुन्हा दोरा, आणखी एक पाऊल. बया बया बया! मी दोन महिने झेंडूच्या फुलांवरून चालत होते!

हॉल जो हसला! मागच्या रांगेत सुरेश तोंडावर रुमाल धरून लालबुंद. मला काय वाटलं असेल? पण मी अशी तशी बाई नाही. पदर खोचला आणि उभी राहिले. "हसता काय? मोजा सहा मिनिटं!"

हॉलमध्ये समोरासमोर दोन लाल प्लास्टिकच्या उंच टोप्या ठेवल्या होत्या, रस्ता खणला की ठेवतात तशा. त्यांच्यामधून फेऱ्या मारायच्या. पहिली फेरी मी अशी मारली की मिरवणुकीतला हत्ती बघावा. दुसऱ्या फेरीत हत्तीला आपली सोंड जड वाटायला लागली. तिसऱ्या फेरीत ती समोरची टोपी माझ्यापासून लांब लांब जायला लागली. खोटं नाही सांगत, कोणीतरी ती सरकवत असणार! चौथी फेरी अर्धी झाली आणि मांड्या थरथरायला लागल्या. इतक्यात बाजूने चपलांचा फटफट आवाज. कमळाबाई! चार हजारवाली कमळाबाई मला मागे टाकून पुढे गेली, वळली, परत आली आणि माझ्यासमोर हात धरला.

"धरा माझा हात. आन दमणं कुठं असतं म्हणालात? मनात ना?"

धरला हात. काय करता? तीन मिनिटांत मी परत खुर्चीत.

मॅडमनी मग मुठीची ताकद मोजायचं यंत्र हातात दिलं. ते मात्र असं आवळलं की मॅडमनी दोनदा तपासलं, यंत्र बिघडलं नाही ना! मी सुरेशकडे मान वर करून बघितलं. त्याने नाही म्हणून मान हलवली. कबूल ते कबूल. गाळा गेला. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या, खोटं कशाला सांगू.

पण मॅडमच त्याला म्हणाल्या, "दादा, यांना घरी बसवलंत तर हे हातही जातील. गाळा सोडवू नका, स्कुटी सोडवा. घर ते गाळा पायी. सुरुवातीला अर्ध्या वाटेपर्यंतच, रोज थोडं वाढवत. धाप लागली तर थांबायचं. आणि तासातासाला खुर्चीतून पाच वेळा उठबस."

सुरेशने पेढ्यांचा पुडा उघडला आणि पहिला पेढा दिला कमळाबाईला. द्यायलाच हवा होता.

आता मी पायी जाते. पूर्ण वाट, न थांबता. कमळाबाई रोज फोन करून माझा आकडा विचारते आणि मला झापते. मी ऐकून घेते. असं ऐकून घेणं माझ्या आयुष्यात दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेलं नाही.

घड्याळ? ते आता पायात बांधते, घोट्याला. मॅडमनी सांगितलं होतं, पायी जायला लागायच्या आधी एक दिवस नेहमीसारखा काढा, स्कुटीवरून जा, गाळ्यावर बसा, म्हणजे खरा आकडा कळेल. काढला. पहाटे चारपासून रात्री जेवेपर्यंत. सगळं घर भोवती गोळा झालं आणि सुरेशने आकडा वाचला.

तीनशे बारा.

मी म्हटलं, "काही का असेना, पायांनी चाललेली आहेत!"

रोहिणी हळूच म्हणाली, "आई, त्यातली निम्मी तुम्ही खुर्चीत बसून पाय हलवता ना, त्याची आहेत."