हाड द्यायला आलेला बाप

टेमघरचा नवशा म्हणजे बिनब्रेकचा टेम्पो. हॉर्न मात्र अखंड चालू. कशेळीच्या गोदामात हमाली करतो. पाठीवर कपाट घेऊन जिना चढताना समोरच्याला चावट किस्सा सांगतो, आणि तो हसला नाही तर कपाटासकट थांबून पुन्हा सांगतो.

त्याच्या सोनीचे, पाच वर्षांच्या पोरीचे, डावीकडचे दोन दात पडले तेव्हा यानं गोदामभर पेढे वाटले. "पोरगी सगल्यांच्या आदी मोठी जाली!" मग गाल सुजला. गालफुगी समजून लेप लावले. सूज हटेना, तेव्हा बायकोनं, वैशालीनं, दोघांना ओढत ठाण्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी नीट समजावलं. गाठ कॅन्सरची नाही. पण जबडा आतून पोखरतेय. तेवढं हाड, त्यात दडलेल्या नव्या दातांसकट, काढावं लागेल. पुढे त्या जागी दुसरं हाड बसवता येईल.

नवशानं एवढं शेवटचं वाक्य उचललं आणि घरी नेलं.

ऑपरेशनच्या सकाळी सोनी उपाशी, तसा हाही उपाशी. गुळगुळीत दाढी, अंगात लग्नातला सदरा. मुकादमाला सांगून आलेला, की आता महिनाभर ओझं जमणार नाही. सिस्टर सोनीला आत नेऊ लागली तसा हाही मागोमाग निघाला.

"तुम्ही कुठे?"

"हाड द्यायला. पायाचा घ्या, न्हाय तं बरगडी घ्या. आपल्याकडं माल भरपूर हाय."

सिस्टर हसली. मग त्याच्या तोंडाकडे बघून तिनं हसू आवरलं.

"दादा, हाड तिचंच लागतं. कमरेचं. तेही ती मोठी झाल्यावर."

"आन तवर?"

"तोवर जागा रिकामीच."

दार लागलं. वैशाली म्हणाली, "तुमाला कुनी सांगितला व्हता उपाशी ऱ्हायला? चला, चा तरी प्या." तो हलला नाही. बाकड्यावर शेजारी बसलेल्या माणसाला त्या दिवशी एकही किस्सा ऐकावा लागला नाही.

काही दिवसांनी सोनीच्या नाकातली अन्नाची नळी निघाली. चमच्यानं पेज भरवायची होती. डावा गाल आत बसलेला, ओठ लोंबलेला. घातलेली पेज तिथूनच परत यायची. पोरगी रडायची, पण रडताना तोंड वाकडंही करता येईना.

नवशानं आपलं जाड बोट तिच्या ओठाखाली आडवं धरलं. घोट आत गेला. मग दुसरा गेला. वाटी संपली.

"संपला, सोडा आता," वैशाली म्हणाली.

त्यानं बोट तसंच धरून ठेवलं.